ओरखडेबाई आणि चारशे सतरा नंबरचं सील

बाईंना ऑफिसात सगळे ओरखडेबाई म्हणायचे. मागून नाही, चांगलं तोंडावर म्हणायचे, आणि बाईही ओ द्यायच्या. वाईट कशाला वाटायचं? सत्तावीस वर्षं त्यांनी ओरखडे काढले होते आणि ओरखडे वाचले होते. शिंप्याला शिंपी म्हटलं तर तो रुसतो का?

ओरखडे काढायची का कुठे नोकरी असते, असं तुम्ही विचाराल. असते. अणुबॉम्ब करायला जो माल लागतो, तो जगात जिथे जिथे साठवलेला आहे तिथे मोठाल्या डब्यांत बंद असतो, आणि डबा कुणी उघडला तर कळावं म्हणून त्याच्या कडीला सील लावतात. बाईंच्या ऑफिसचं काम तेच. अनेक देशांनी मिळून चालवलेलं तपासणीचं ऑफिस. तिथले तपासनीस बॅगा घेऊन देशोदेशी फिरायचे, नवी सीलं लावायचे, जुनी काढून आणायचे. बाई कुठेच जायच्या नाहीत. त्या दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेकडच्या खिडकीशी, मायक्रोस्कोपपुढे बसायच्या. खुर्चीवर स्वतः शिवलेली उशी, ड्रॉवरमध्ये खोकल्याच्या गोळ्या.

सील म्हणजे तरी काय, कोटाच्या बटणाएवढी तांब्याची डबी. दोन झाकणं. तार कडीतून ओवायची, टोकं डबीत घालायची, झाकणं एकमेकांवर दाबायची. एकदा बसली की फोडल्याशिवाय उघडत नाहीत. पण एखाद्या शहाण्याने फोडून तसंच दुसरं लावलं तर? म्हणून सील बाहेर पाठवायच्या आधी बाई झाकणाच्या आतल्या बाजूला टोच्याने ओरखडे काढायच्या, हात जाईल तसे, आणि वर कथलाचा एक थेंब पाडायच्या. त्याचा फोटो कार्डावर चिकटवायचा. वर्षांनी सील परत आलं की फोडून पुन्हा फोटो घ्यायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. ओरखडे तेच असले तर डब्याला कुणी हात लावलेला नाही.

निकाल दोनच प्रकारचे. ‘जुळतं’ नाहीतर ‘जुळत नाही’. तेही दोघांनी वेगवेगळं बघायचं, एकमेकांशी न बोलता चिठ्ठीवर लिहायचं आणि साहेबांच्या पेटीत टाकायचं. बाईंचा जोडीदार होता मुनी. खरं नाव काहीतरी दुसरंच. पण कामाच्या वेळी न बोलायचा नियम त्याने असा अंगी बाणवला होता की जेवणाच्या सुट्टीतही तो मीठ मागायला बोट दाखवायचा. बाई म्हणायच्या, ‘याच्या बायकोने लग्नाला होकार कुणाकडून घेतला, देव जाणे.’

बाईंचे यजमान कुलुपवाले. तरुणपणी फौजेत तोफेवर होते. तिथून सुटले आणि बाजारच्या चौकात किल्ल्या करून द्यायची टपरी टाकली. आवाज मात्र तोफेवरचाच राहिला. चहा मागितला तरी शेजारच्या घरात कप ठेवले जायचे.

या दोघांचं भांडण एकच, आणि ते लग्नाच्या वयाचं होतं. कोणता तरी देश लपूनछपून बॉम्ब करतोय अशी बातमी दर चार-सहा वर्षांनी यायचीच. ती आली की संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या मेणकापडाच्या टेबलाशी सभा भरायची.

‘उडवून टाका!’ कुलुपवाले म्हणायचे. ‘एक कारखाना, चार विमानं, एक सकाळ. विषय संपला.’

‘आधी हात धुवा. लोखंडाचा कीस पडतोय ताटात.’

‘धुतो. पण तू सांग, तुझं सील कुणाला अडवतं? बटणाएवढं ते! माझं साधं कुलूपसुद्धा चोराला दहा मिनिटं थांबवतं.’

‘अडवत नाहीच मुळी. ते फक्त सांगतं. तुम्ही कारखाना पाडाल, अहो, पण ज्यांनी तो बांधला त्यांची डोकी कुठे जाणार आहेत? दुसरा बांधतील. डोंगराच्या पोटात बांधतील. आणि तेव्हा आमचा माणूस बॅग घेऊन दारात गेला तर त्याला आत घेतील का? आज निदान दार उघडतात.’

‘तोंडावर दार उघडतात आणि मागच्या खिडकीतून माल बाहेर! तुम्हाला गोड बोलून झुलवत ठेवतात, अगं.’

बाई गप्प व्हायच्या त्या इथे. कारण या वाक्याच्या मागे काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. कुलुपवाले तेवीस वर्षांचे असताना सरहद्दीवर आठ महिने बोलणी चालली होती. वरचे लोक हात मिळवून फोटो काढत होते आणि समोरच्या टेकडीवर गुपचूप तोफा चढत होत्या. खालून रोज दिसत होतं. रोज वर कळवलं जात होतं. रोज उत्तर यायचं, बोलणी चालू आहेत, थांबा. नवव्या महिन्यात त्या तोफा धडाडल्या. कुलुपवाल्यांच्या तुकडीतले अकराजण गेले. त्यातला एक त्यांच्याच ताटात जेवणारा होता. अशा माणसाशी कोणत्या तोंडाने वाद घालायचा? पण बाई घालायच्या. पाच मिनिटं थांबून, आवाज खाली आणून, पुन्हा घालायच्या.

या दोघांना एकच मुलगी, ठमी. ठमी हवाई दलात होती. लढाऊ विमानात मागच्या सीटवर बसायची आणि नेम धरायची. ‘नेम माझ्याकडून आलाय,’ कुलुपवाले सांगायचे. ‘आणि नजर माझ्याकडून,’ बाई म्हणायच्या. ठमी दोघांना सांगायची, ‘तुमचं आधी ठरवा काय ते, मग मला कळवा.’ सुट्टीवर आली की आईबापांच्या मधल्या खुर्चीवर बसून पंचासारखी मान हलवत जेवायची.

त्या वर्षी मात्र बातमी नुसती बातमी राहिली नाही. एका देशाने डब्यांतला माल गुपचूप काढून बॉम्ब करायला घेतलाय, असं इथलं सरकार उघड म्हणायला लागलं. टीव्हीवर रोज दोन टाय एकमेकांवर ओरडायचे. गुरुवारी सभागृहात मतदान होतं: कारखान्यावर विमानं पाठवायची, की आणखी बोलणी करायची. मतं अगदी काठावर होती. आणि ज्या डब्यांवरून सगळं पेटलं होतं, त्यांची चाळीस सीलं काढून तपासनीस सोमवारी परत आले.

मंगळवारी दुपारपर्यंत बाईंनी एकोणचाळीस सीलं जुळवली. चाळिसावं होतं चारशे सतरा. कार्डावरचा जुना फोटो डावीकडे, नवा उजवीकडे. बाईंनी बघितलं, डोळे मिटले, पुन्हा बघितलं. नवा फोटो फिरवला, पाव फिरवला, अर्धा फिरवला. थेंबाची जागा साधारण तीच वाटत होती, पण ओरखडे काही केल्या एकमेकांवर बसेनात. पाऊण तास गेला.

त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, ‘जुळत नाही.’

मुनीनेही पाऊण तास घेतला. त्याची चिठ्ठी पेटीत पडली तेव्हा त्याने बाईंकडे बघितलं नाही, यावरूनच बाईंना कळलं त्याने काय लिहिलंय ते. चार वाजता साहेबांनी पेटी उघडली, दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या आणि पोटावर हात धरून उभे राहिले. साहेबांना जुनं पित्त होतं. ‘उद्या बारा वाजता अहवाल जाईल,’ ते म्हणाले. ‘घरी कुणाशी एक अक्षर नाही.’ हे सांगायची गरज नव्हती. सत्तावीस वर्षांत बाईंनी घरी एका सीलाचा नंबरसुद्धा सांगितला नव्हता.

संध्याकाळी ठमीचा फोन आला.

‘आई, रजा रद्द झालीय. सगळ्यांचीच. तयार राहायला सांगितलंय, एवढंच सांगू शकते.’

‘बरं,’ बाई म्हणाल्या. ‘जेवलीस का?’

‘संध्याकाळचे पाच वाजलेत, आई.’

‘मग दुपारचं?’

ठमी हसली. मग तिने आवाज खाली आणला. ठमी म्हणाली, ‘आई, तुला काय वाटतं गं? तुला तरी खरं माहीत असेल ना?’

बाईंच्या जिभेवर ते दोन शब्द होते. बाईंनी ते गिळले. ‘मला काय माहीत असणार, मी तिथे बटणं मोजते,’ त्या म्हणाल्या आणि फोन यजमानांकडे दिला. कुलुपवाल्यांनी नेहमीच्या आवाजात सांगितलं, ‘नेम नीट धर! घाबरू नकोस!’ फोन ठेवला आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्या संध्याकाळी सभा भरली नाही. उडवून टाका, असं कुणी म्हणालं नाही. कुलुपवाल्यांनी हात दोनदा धुतले आणि जेवले मात्र अर्धंच.

‘विमानं पाडतात का गं तिकडे?’ त्यांनी एकदाच विचारलं. तरुणपणी तोफेवर बसलेला माणूस, आणि विचारतोय कुणाला? ओरखडेबाईंना.

‘मला काय ठाऊक, अहो,’ बाई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात उरलेली भाजी तशीच झाकून ठेवली.

बुधवारी बाई सातलाच ऑफिसात गेल्या. काम असं काही नव्हतं. हाताला चाळा हवा म्हणून त्यांनी कोरी झाकणं पुढे ओढली आणि टोच्या घेतला. पुढच्या महिन्यात पाठवायची सीलं होती, ओरखडे काढायचेच होते. पहिलं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला त्यांचा हात थांबला.

त्यांनी भिंगाखाली तीनही झाकणं बघितली. प्रत्येक ओरखडा कडेकडून आत जात होता आणि शेवटी उजवीकडे किंचित वळत होता. बाईंच्या मनगटाची ती सवय होती. ‘हात जाईल तसे’ म्हणून सत्तावीस वर्षं काढलेले ओरखडे, पण हात त्यांचाच की! अक्षर लपतं का कुणाचं?

बाईंनी कपाटातून चारशे सतराची दोन्ही चित्रं काढली. परवा परत आलेल्या सीलातले ओरखडे सगळे शेवटी उजवीकडे वळत होते. आणि कार्डावरच्या, बाईंनी स्वतः काढलेल्या, बाईंच्याच सहीच्या जुन्या फोटोत ते सगळे डावीकडे वळत होते.

म्हणजे खोटं ठरलेलं सील बाईंच्या हातचं दिसत होतं आणि खरं मानलेलं कुणा डावखुऱ्याचं!

बाईंनी नोंदवही उघडली. चारशे बारा ते चारशे सतरा, एकाच फिल्मच्या पट्टीवरचे सहा फोटो. अकरा वर्षांपूर्वीची तारीख. आणि ती तारीख बघून बाई मटकन खाली बसल्या.

त्या दिवशी सकाळी त्यांनी ठमीला प्रशिक्षणाच्या बसमध्ये बसवलं होतं. एकोणीस वर्षांची पोर. बस वळेपर्यंत हात हलवला आणि तशाच ऑफिसात आल्या. तेव्हा फोटो फिल्मवर निघायचे, आणि डार्करूममध्ये धुवून छापायचं कामही बाईंचंच. अंधाऱ्या खोलीत कुणी बघत नाही म्हणून त्या तिथे पोटभर रडल्या होत्या. ते रडणं त्यांना आजही आठवत होतं. फिल्मची चकचकीत बाजू वर आणि निस्तेज बाजू खाली, हे बोटांनाच कळतं, त्याला विचार करावा लागत नाही. पण त्या दिवशी बोटं ओली होती. पट्टी उलटी बसली. सहाच्या सहा फोटो आरशात दिसावेत तसे उलटे छापले गेले, आणि सीलाचा नंबर बाहेरच्या बाजूला असतो, फोटोत येत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या सहांपैकी परत आलेलं हे पहिलंच सील.

हे सगळं खरं की नाही, ते एका मिनिटात कळलं असतं. कंप्युटरवर फोटो उलटा करणं म्हणजे एका बटणाचं काम. बाईंनी बोट बटणावर ठेवलं आणि काढून घेतलं.

कारण एक गोष्ट त्यांना साफ कळली होती. आजवर हजारो सीलं बघितली, त्यातलं एकही जुळावं किंवा जुळू नये असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आज वाटत होतं. जिवाच्या आकांताने वाटत होतं. अशा डोळ्यांना काय दिसत नाही? मोडक्या रेघा जुळलेल्या दिसतील. थेंब सरकून जागेवर बसलेला दिसेल. बाईंनी चष्मा काढला आणि टेबलावर पालथा ठेवला.

साडेआठला साहेब आले. बाई दारातच उभ्या होत्या.

‘साहेब, माझ्याकडून चूक झाली असावी. अकरा वर्षांपूर्वी. चारशे बारा ते सतरा उलटे छापले असावेत मी.’

साहेब मटकन बसले नाहीत, कारण ते अजून बसायला खुर्चीपर्यंत पोचलेच नव्हते. ‘असावी म्हणजे? बघितलंत का तुम्ही?’

‘नाही. मी बघणार नाही. माझी मुलगी हवाई दलात आहे. ती त्या विमानांत असणार. आज माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास नाही, तुम्हीही ठेवू नका.’

साहेबांनी पोट धरलं. ‘बाई, तुम्हाला कळतंय ना लोक काय म्हणतील? आईने पोरीसाठी कागद फिरवला म्हणतील. आख्ख्या ऑफिसची अब्रू जाईल.’

‘कळतंय. म्हणून तर सांगते, मला यातून बाजूला काढा. त्या पट्टीतली आणखी दोन सीलं आपल्याच देशात आहेत, संशोधन केंद्राच्या तळघरात, दोन तासांवर. त्यांच्यावर तर कुणाचा संशय नाही. ती काढून आणा. तीही त्यांच्या कार्डांशी जुळली नाहीत, तर चूक माझी. जुळली, तर मी म्हातारी झालेय आणि मला भास होतोय. बघायला मुनीला द्या. आणि ज्यांना विमानं पाठवायचीच आहेत, त्यांच्यातला कुणी जाणकार बोलवा. त्याने बघू दे.’

‘आणि तुमची चूक निघाली तर? तीन महिन्यांनी निवृत्त व्हायचंय तुम्हाला. सत्तावीस वर्षांची एकेक चिठ्ठी पुन्हा तपासावी लागेल. दुसऱ्यांकडून.’

इतका वेळ ताठ उभ्या राहिलेल्या बाईंचा आवाज इथे फुटला. ‘तपासा ना, साहेब,’ त्या म्हणाल्या. ‘तपासायलाच तर बसलोय आपण इथे.’

साहेबांनी त्यांना पाणी दिलं. मग अहवाल थांबवला, गाडी पाठवली, आणि नियमाप्रमाणे बाईंकडून ड्रॉवरची किल्ली काढून घेऊन त्यांना घरी जायला सांगितलं. बाई उशी काखेत मारून जिना उतरल्या. मुनी वरच्या पायरीशी येऊन उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं, आणि शेवटी म्हणाला, ‘छत्री राहिली तुमची.’ बाईंचं आयुष्यात कुणी इतकं लांबलचक सांत्वन केलं नव्हतं.

भर सकाळी उशी घेऊन घरी आलेली बायको बघून कुलुपवाल्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. ते त्या वेळी चहा पिऊन टपरीवर निघाले होते. विचारलं काहीच नाही. गेलेच नाहीत टपरीवर. दिवसभर घरातल्या प्रत्येक कडीला, प्रत्येक बिजागरीला तेल घालत हिंडले. न कुरकुरणाऱ्या दारांनाही तेल पाजलं. संध्याकाळी बाईंच्या समोर बसून ते, त्यांच्या मानाने हळू आवाजात, म्हणाले, ‘तू काय केलंस मला माहीत नाही. पण तू केलंस म्हणजे बघूनच केलं असशील.’

‘आज न बघता केलंय,’ बाई म्हणाल्या आणि टेबलावर डोकं ठेवून रडल्या. कुलुपवाल्यांनी तेलकट हात त्यांच्या पाठीवर ठेवला. ब्लाउजवर पाच बोटं उमटली, ती पुढे कधी निघाली नाहीत.

तळघरातली दोन्ही सीलं आपापल्या कार्डांशी जुळली नाहीत. फोटो उलटे केल्यावर रेघ न् रेघ जुळली. मग मुनीने चारशे सतराचा फोटो उलटा करून बघितला. गुरुवारी सकाळी हल्ल्याच्या बाजूचा जाणकार स्वतःचं भिंग खिशात घालून आला, दोन तास बसला, चहासुद्धा घेतला नाही आणि चिठ्ठीवर लिहून गेला, ‘जुळतं.’ त्याला ते लिहिताना आनंद झाला नसणार. पण लिहिलं, ही त्या माणसाची मोठी गोष्ट. मतदान पुढे ढकललं. तपासनीस पुन्हा बॅगा भरून निघाले.

शुक्रवारी ठमीचा फोन आला. ‘आई, तयारीचा हुकूम मागे घेतला. रविवारी येतेय.’ तिला काही ठाऊक नव्हतं. बाईंनी फक्त विचारलं, ‘जेवलीस का?’ आणि तिचं हो ऐकूनही फोन बराच वेळ कानाशी तसाच धरून ठेवला.

शनिवारच्या पेपरात बातमी आली. नाव नव्हतं, नुसतं ‘तपासणी ऑफिसातील एका महिला कर्मचाऱ्याची ढिलाई’. एवढं गावाला पुरतं. चौकाचौकांत त्या बाईची बिनपाण्याने हजामत चालली होती. सकाळी चहाच्या वेळी बाईंनी यजमानांना पहिल्यांदाच सगळं सांगून टाकलं होतं. मग पेपर घडी घालून ठेवला, डबा भरला आणि दुपारी कुलुपवाल्यांच्या टपरीकडे निघाल्या. घरात बसून करायचं काय? आता रोजचंच घरात बसणं होतं.

टपरीपुढे तिघे-चौघे उभे होते. कुलुपवाले पाठमोरे, मशीनवर किल्ली घासत होते. बाई बाजूच्या फळवाल्याच्या छत्रीखाली थांबल्या, गिऱ्हाईक जाऊ दे म्हणून.

‘वाचलंत का?’ एकजण म्हणत होता. ‘एका बाईने फोटो उलटा छापला म्हणे! त्यापायी लढाई व्हायची होती, आणि त्यापायीच थांबली. पोरखेळ आहे का हा?’

‘अहो, फोटो उलटा-सुलटा काही नसतं,’ दुसरा म्हणाला. ‘दाबलं असणार सगळं. उडवून द्यायला हवं होतं तेव्हाच. काय कुलुपवाले? तुम्ही तर फौजेतले, तुम्ही नेहमी हेच म्हणता.’

मशीन थांबलं. कुलुपवाल्यांनी किल्ली शिकंज्यातून सोडवली, फुंकर मारली आणि वळले. तोफेवरचा तो आवाज अख्ख्या चौकाला ऐकू गेला असता, पण तो आलाच नाही. बाईंना कान द्यावा लागला.

‘म्हणतो मी. आजही वाटतं कधीकधी,’ ते म्हणाले. ‘माझी अकरा माणसं गेलीत बोलणी चालू असताना. पण ती बाई माझी बायको आहे. चूक तिची होती आणि ती कुणाला सापडलेली नव्हती. तिने स्वतः जाऊन सांगितली, नोकरी घालवून. आता तुम्ही म्हणता उडवून द्यायचं होतं. विमानात माझी पोर बसणार होती. बसली असती, मी छाती काढून हिंडलो असतो चौकात. पण खाली त्या डब्याला कुणी हातच लावला नव्हता हो. काही नव्हतं तिथे. माझ्या पोरीने नेम धरला असता, आणि तिथे काही नव्हतं.’

त्यांनी किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात दिली. ‘लावून बघा. नाही लागली तर परत या, करून देतो,’ म्हणाले, आणि मग त्यांची नजर फळवाल्याच्या छत्रीखाली गेली.

कुलुपवाले कानापर्यंत लाल झाले. ‘तू कधी आलीस?’

‘आत्ताच,’ बाई म्हणाल्या. धडधडीत खोटं. मग त्या पुढे झाल्या, स्टुलावरचा लोखंडाचा कीस पदराने झटकला, डबा उघडून त्यांच्या समोर ठेवला आणि हात धुवायला पाण्याचा तांब्या पुढे केला.